वैती सिस्टर आणि चुकार डाग

वैती सिस्टरनी आयुष्यात एकच शब्द पदरचा काढला. तो इतका साधा होता की आमच्या दवाखान्यातल्या बायकांनी दोन महिन्यांत तो आपलासा करून टाकला. त्या शब्दामुळे सुनंदा नावाची एक बाई जगली, आणि त्याच शब्दामुळे तिची सासू गेली, असं सिस्टर म्हणायच्या. मी तसं म्हणत नाही. पण त्यांचं म्हणणं मला खोडूनही काढता आलेलं नाही, म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला एका ट्रस्टचा बायकांचा दवाखाना होता, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मी तिथे केसपेपर लिहायला लागले. बावीस वर्षांची, लग्न न झालेली, आणि डॉक्टरीणबाईंना सांगायचं ते सगळं बायका आधी मला सांगणार या कल्पनेनेच कानकोंडी झालेली. पहिल्या दिवशी एक बाई टेबलाशी वाकून हळूच म्हणाली, "अंगावरून जातंय, लिहा." मी लिहिलं, "अंगावरून जाते. काय ते सांगत नाही." वैती सिस्टरनी तो कागद वाचला, व्हरांड्यात गेल्या, पोटभर हसल्या आणि परत येऊन मला शिकवायला बसल्या. बसल्या म्हणजे उभ्याच. खिडकीच्या कट्ट्याला कंबर टेकायची आणि तिथून सगळा कारभार हाकायचा, ही त्यांची रीत. खुर्ची त्यांनी कायम पेशंटच्या सासूसाठी राखून ठेवलेली.

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या त्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने दणकट, आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाणारा. पांढऱ्या टोपीखाली अबोलीचा गजरा रोज. एका ट्रस्टीला तो खुपायचा. "सिस्टर, नर्सने फुलं माळावीत का?" असं त्याने एकदा विचारलं. "मग नर्सला केस तरी कशाला हवेत?" सिस्टर म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला. एरवी त्या तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलायच्या, पण रागावल्या किंवा माया आली की कोळीवाडा जिभेवर यायचा. "कनाला घाबरतेस गो बाय, मी हाय ना!" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. ऐकून बायकांचे खांदे खाली यायचे. माझेसुद्धा.

त्यांचं खरं काम होतं गोळ्यांचं. पाळणा लांबवायच्या गोळ्या डॉक्टरीणबाई लिहून द्यायच्या, त्या आठवड्यातून दोनदा येत. पण गोळी घ्यायची कशी, विसरली तर काय करायचं, मधेच रक्त दिसलं तर काय, हे सगळं सिस्टरकडे. बाई तक्रार घेऊन आली की त्या तिला काही विचारायच्या आधी हात पुढे करायच्या. "पाकीट दाखव." मग ते अर्धं रिकामं पाकीट खिडकीच्या उजेडात धरून त्यातली भोकं वाचायच्या. कुठली गोळी गेली, कुठली राहिली. बाई खोटं बोलते, पाकीट नाही, असं त्यांचं मत. पाकीट वाचून झालं की तीन प्रश्न. "डाग की धार? गोळी किती वाजता घेतेस? दुसरं कुठलं औषध चालू आहे, क्षयाचं वगैरे?" क्षयाच्या औषधाने गोळीचा जोर कमी होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

एकदा एक शाळेतली बाई आली, चांगली शिकलेली, वर्गावर दरारा असणारी. मधेमधे रक्त जातं म्हणाली. सिस्टरनी पाकीट धरलं आणि बघतच राहिल्या. पाच गोळ्या जागेवर, दोन गायब, परत पाच जागेवर, दोन गायब. "नवरा कुठे असतो?" त्यांनी विचारलं. नवरा बाहेरगावी नोकरीला होता, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. बाईंनी हिशेबाने फक्त शनिवार-रविवारच्या गोळ्या घेतल्या होत्या. उगाच औषध वाया कशाला घालवायचं! सिस्टर तिला हसल्या नाहीत. "गोळीला तुझा नवरा माहीत नाही, बाई. तिला फक्त घड्याळ माहीत आहे," एवढंच म्हणाल्या. ती गेल्यावर मात्र आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पण हसण्याचे दिवस थोडे. त्या काळात आमच्याकडे सकाळी कारखान्यांचा उग्र वास यायचा, कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी घसा खवखवेल असा. सिस्टर नाक वर करून म्हणायच्या, "आज सोडलंय कुणीतरी." त्यांच्या वडिलांची होडी होती, ती कधीच विकली गेली होती. "आधी पाण्यावर एक डाग दिसतो," त्या एकदा म्हणाल्या. "लोक बोलतात, जाईल. मासा मरतो तवा सगळे धावतात." आणि लगेच दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

सुनंदा आली ती अशाच वासाच्या एका सकाळी. सव्वीस वर्षांची, दोन मुलींची आई. धाकटीच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं होतं की बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पेपरवर लाल शाईने लिहिलं होतं, "पुन्हा दिवस राहता कामा नयेत." तिला समोर बसवून तोंडानेही सांगितलं होतं, की तिसऱ्या खेपेला मी तुला वाचवू शकेन असं मला वाटत नाही. पण घरात सासूला नातू हवा होता. नवरा एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, स्वभावाने गरीब. ऑपरेशनचा विषय काढला की "बघू, आईला विचारू" म्हणायचा. तांबी बसवावी तर आधीच अंगात रक्त नाही, त्यात पाळी आणखी वाढायची. उरली गोळी, तीही घरात कुणाला न सांगता. दुसऱ्याच पाकिटात तिला मधेच रक्त दिसायला लागलं.

"पाकीट दाखव," सिस्टर म्हणाल्या.

आठ गोळ्या गेलेल्या. मग चार जागेवर. मग पाच गेलेल्या, आणि पुन्हा चार जागेवर. सिस्टरनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे चार दिवस कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. घरीच होते. बाजूला बसलेले."

"आणि गोळ्या कुठे ठेवतेस?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाली, "वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या स्टुलावर चढत नाहीत."

सिस्टरना हसू आलं आणि ते तोंडावरच विरलं. मला समजायला थोडा वेळ लागला. सुनंदाच्या घरी गावाहून आणलेले देव होते आणि शिवाशिव कडक. रक्ताचा ठिपका दिसला की चार दिवस बाहेरच्या खोलीत चटईवर, स्वतःची ताटवाटी वेगळी, स्वयंपाकघरात पाऊल नाही, आणि लोणच्याला तर सावलीसुद्धा लागू द्यायची नाही. म्हणजे गोळीने डाग पडायचा, डागाने ती बाजूला बसायची, बाजूला बसली की गोळीपर्यंत हात पोचायचा नाही, आणि गोळी चुकली की पुन्हा रक्त. असं ते चाक फिरत होतं. आणि त्या चुकलेल्या चार-चार दिवसांत दिवस राहिले तर काय, हे पेपरवर लाल शाईने लिहिलेलं होतं.

"सासूबाई कॅलेंडरवर खुणा करतात," सुनंदा म्हणाली. "महिन्यातून दोन-तीनदा कशी बसतेस, विचारत होत्या. कुणाकडून काही करून घेतलंयस का म्हणाल्या."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, इतक्यात गोळी बदलण्यात अर्थ नाही. पहिली तीन पाकिटं डाग पडतातच पुष्कळ जणींना. एकही न चुकवता तीन पाकिटं होऊ देत, तरी राहिलं तर दुसरी गोळी देऊ. बोलायला सोपं. पण चुकवू नको हे सांगायचं कुणाला? सुनंदाला की लोणच्याच्या बरणीला?

दोन दिवसांनी सिस्टर मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." धाकटीच्या डोसाचं निमित्त. मी थर्मास धरला आणि आम्ही सुनंदाच्या घरी गेलो. सासूबाईंना सगळे माई म्हणत. साठीच्या आतल्या, गोऱ्या, करारी, कपाळावर आठी. पण दुष्ट म्हणता येणार नाही अशा. आम्हाला पाट दिले, कोकम सरबत दिलं. सरबत द्यायला त्या स्वतःच भिंत धरधरून उठल्या, कारण सून त्या दिवशीही बाहेर चटईवर होती. स्वयंपाक, धुणं, दोन नाती, सगळं त्या दुखऱ्या गुडघ्यांवर आलेलं. सिस्टरनी ते बघून ठेवलं.

"माई, सूनबाईच्या अंगात रक्त कमी आहे," डोस पाजून झाल्यावर त्या म्हणाल्या. "तसं असलं की मधेच डाग पडतात. ती पाळी नव्हे. पाळी ठरल्या दिवशी येते. हे चुकार डाग."

"चुकार म्हणजे?"

"गुरं चुकतात ना रानात, तशी. वाट चुकून दारात आली. त्यांना काय आपण गोठ्यात बांधतो?"

"विटाळ तो विटाळ," माई म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती.

"विटाळ पाळीला. चुकार डागाला कसला विटाळ? त्याला धरून बसायचं म्हटलं तर महिन्यातले पंधरा दिवस तुम्हीच चूल सांभाळा." सिस्टर हसल्या. "अहो, हे कुणालाही होतं. कुठल्याही वयात होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं."

माईंनी नातीच्या केसांतून हात फिरवला. मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "सुनंदा, ऊठ गं. आंघोळ कर आणि कुकर लाव."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आम्ही जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर थांबून सिस्टरनी विचारलं, "शेवटचं जरा जास्त बोलले का गं मी?" मी म्हटलं, "छे हो, म्हणून तर पटलं त्यांना." हे उत्तर मी दिलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

सुनंदाला त्यांनी दवाखान्यात खरं ते समजावलं. हे डाग गोळीमुळे आहेत, अंग सवय करून घेतंय. खरी पाळी पाकीट संपल्यावर गोळीच्या सुट्टीत येईल, त्या चार दिवसांत खुशाल बाजूला बस. मधल्या डागाला बसू नकोस, गोळी सोडू नकोस. सुनंदाने तीन पाकिटं एकही भोक न चुकवता संपवली. तरी थोडे डाग राहिले, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, आणि नव्या गोळीवर ते थांबले. ती पाकीट दाखवायला यायची तेव्हा सिस्टर शाळेतल्या मुलीची वही तपासल्यासारखं ते बघायच्या आणि पाठीवर थाप द्यायच्या. सुनंदाचा चेहरा भरला. धाकटी बालवाडीत जायला लागली.

शब्द मात्र जिना उतरून आमच्याबरोबर आला होता. आधी सुनंदाच्या बिल्डिंगमधल्या बायका, मग पलीकडच्या. "सिस्टर, चुकार आहे, काही नाही ना?" सिस्टर आधी खूश व्हायच्या. शिवाशिवीतून कितीजणी सुटल्या! हळूहळू त्यांना ते टोचायला लागलं, कारण बायका आता विचारेनाशा झाल्या, सांगायला लागल्या. "चुकार आहे" म्हणायचं आणि पाकीट घेऊन निघायचं. एक शीळफाट्याकडची बाई तर मलाच समजावून गेली, "आमच्यात आजीपासून म्हणतात चुकार. जुना शब्द आहे." मी हसून सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

दोन-अडीच वर्षं गेली. एके दिवशी सुनंदा माईंना हाताला धरून घेऊन आली. मी ओळखलंच नाही आधी. गोरा रंग पांढऱ्या कागदासारखा झालेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सिस्टरनी खुर्ची पुढे केली आणि सवयीने विचारलं, "काय होतंय? डाग की धार?"

"आता धार," माई म्हणाल्या. "आधी डागच होते. चुकार हो, तुम्हीच नाही का सांगितलेलं? कुठल्याही वयात होतं म्हणून."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली, माई?"

"दहा-अकरा झाली असतील."

"आणि हे कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून." तेव्हा वैशाख चालू होता.

सिस्टर कट्ट्यावरून उठल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. पाळी गेल्यावर वर्षांनी दिसलेला रक्ताचा एक थेंबसुद्धा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा असतो, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माईंना ते कुणी शिकवलं नव्हतं. माईंना जे शिकवलं होतं ते माईंनी श्रद्धेने पाळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली आणि आत हात धुताना सिस्टरना फक्त म्हणाल्या, "पिशवीचा कॅन्सर आहे. पसरलाय."

माई त्यानंतर पाच महिने होत्या. सिस्टर दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ठाण्याहून यायच्या, त्यांचं अंग पुसायच्या, पाठीला पावडर लावायच्या. माई त्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायच्या, "पोटची मुलगी करणार नाही इतकं करते ही." सिस्टरनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, एकदा माझ्यासमोर. "माई, माझी चूक झाली. मी तुम्हाला चुकीचं सांगितलेलं." माईंना वाटलं, इंजेक्शनबद्दल बोलताहेत. "चालायचंच," म्हणाल्या.

दिवसकार्य झाल्यावर सुनंदा एकटी दवाखान्यात आली. गर्दी ओसरली होती. सिस्टरनी तिला व्हरांड्यात नेलं आणि सरळ सांगितलं, "तुझ्या सासूला मी मारलं. मी ते वाक्य बोलले नसते तर त्या वेळेवर आल्या असत्या."

"त्यांचे कपडे मीच धुवायचे, सिस्टर," सुनंदा म्हणाली.

"मग?"

"मला दिसायचं. चुकार आहे म्हणायच्या त्या. पण माझे डाग गोळीचे होते, तुम्हीच सांगितलेलं ना. त्या कुठे गोळ्या घेत होत्या?"

"मग बोलली का नाहीस?" सिस्टरनी विचारलं.

"बोलले असते तर इथेच आणावं लागलं असतं," सुनंदा म्हणाली. "इथे माझा पेपर आहे. कुणी एक शब्द बोललं असतं तर माझ्या गोळ्या बंद. म्हटलं, आज बोलू, उद्या बोलू." तिचा आवाज फुटला नाही, हेच मला तेव्हा असह्य झालं. मला तिचा संताप आला होता. आज येत नाही. मरणाची भीती तिलाही होती, आणि तिची तर पेपरवर लिहून दिलेली होती.

सिस्टरनी विचारलं, "गोळी चालू आहे ना तुझी?"

"आहे."

"वेळेवर?"

"वेळेवर."

"मग जा घरी. पोरी येतील शाळेतून."

त्या दिवसापासून सिस्टरनी स्वतःचाच शब्द मारायला घेतला. प्रत्येक बाईला घोकून घ्यायला लावायच्या. पहिली तीन पाकिटं डाग माफ, चौथ्यालाही दिसले तर ये. संबंधानंतर रक्त दिसलं तर ये. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तर त्याच दिवशी ये. आणि परत चुकार म्हणशील तर बघ. बायका माना डोलवायच्या, दाराशी जाऊन वळायच्या आणि विचारायच्या, "पण चुकार असेल तर, सिस्टर?" एकदा त्यांनी टेबलावर हात आपटला. "चुकार काय नसतं गो! मीच काढलेलं त्ये, मीच!" बाई घाबरून गेली, पण तिला ते खरं वाटलं नाही. जो शब्द आजीपासून चालत आलाय तो ही कोळीण कशी काढेल? गजरा त्यांनी कधी बंद केला ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस टोपीखाली नुसते पांढरे केस दिसले.

माझं लग्न झालं, मी कल्याणला गेले. दवाखाना पुढे बंद पडला. सिस्टर निवृत्त झाल्याचं कळलं, मग काही कळलं नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. डोंबिवलीला एका नव्या बिल्डिंगमध्ये चुलत नणंदेकडे गेले होते. भर दुपार. तिच्या दारातून बाहेर पडते तर वरच्या मजल्यावरून ओळखीचा आवाज. मी दोन पायऱ्या चढून पाहिलं. वैती सिस्टर. साधं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, एक हात कठड्यावर, धाप लागलेली. समोर दारात लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली मुलगी, पंजाबी ड्रेसमधली, हाताला कणीक लागलेली. ओळख असावी असं वाटत नव्हतं. त्या दारोदार जात होत्या.

"तुझ्या घरात कुणाला मधेच रक्त जातं का? तुला, सासूला? खोटं नको सांगू, बाय."

"सासूबाईंना जातं थोडंसं," मुलगी हसत म्हणाली. "काही नाही हो आजी, चुकार आहे ते. होतं कुठल्याही वयात." आणि मंदिराची वर्गणी मागायला आलेल्यांना करतात तसा तिने हात जोडून नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

मला खरं तर वर जायला हवं होतं. मी गेले नाही, मला त्यांच्यासमोर जायची भीती वाटली. त्या बंद दाराकडे बघत उभ्या होत्या. पिशवी त्यांनी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि पुन्हा बेल दाबली.